गोळी का मानवत नाही?

परभणी जिल्ह्यातील मानवत असो की मुंबई, रक्तदाबाचे काही रुग्ण म्हणतात, "ही गोळी मला मानवत नाही." त्यावर सहसा दोन उत्तरे मिळतात : 'मनाचे खेळ' किंवा 'प्रकृतीच तशी'. आमचा आक्षेप दोन्हींवर आहे, कारण दोन्ही चौकशीच थांबवतात.

१९७५ साली लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटल वैद्यकीय विद्यालयात रॉबर्ट स्मिथ यांनी डेब्रिसोक्विन हे रक्तदाबाचे औषध प्रयोगासाठी स्वतः घेतले. सहकाऱ्यांना विशेष त्रास झाला नाही. स्मिथ यांचा रक्तदाब मात्र इतका उतरला की उभे राहवेना. पुढे कारण उलगडले. या औषधाचे यकृतात विघटन करणारे विकर (सीवायपी२डी६) काही व्यक्तींमध्ये निकामी असते. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच असे होते. म्हणजे मेंडेलच्या बुटक्या वाटाण्यासारखाच हा अप्रभावी गुण! वर्गात हे उदाहरण जरूर सांगावे. आज वापरात असलेल्या मेटोप्रोलॉलचे विघटनही मुख्यतः हेच विकर करते. ते निकामी असल्यास औषध रक्तात साचते आणि नाडी फार मंदावू शकते.

परंतु सगळे जनुकांच्या माथी मारणेही अशास्त्रीयच. ॲम्लोडिपिनमुळे घोट्यांवर येणारी सूज बरीचशी मात्रेवर अवलंबून असते. एनालाप्रिलमुळे येणाऱ्या कोरड्या खोकल्यात जनुकांचा वाटा अंशतःच आहे.

तेव्हा 'मानवत नाही' हे शब्द निरीक्षण म्हणून ऐकावेत. गोळी आपल्या मनाने बंद न करता त्रास डॉक्टरांना सांगावा. मात्रा किंवा औषध बदलता येते. बेताल रक्तदाबाने बिघडलेले मूत्रपिंड बदलणे तितके सोपे नाही.