गावठाणातील नवी घरबांधणी आणि शेजाऱ्याचा पाया : सायखेड्याच्या संदर्भात एक चिकित्सा

गोदावरीच्या काठावर वसलेले सायखेडा हे निफाड तालुक्यातील बाजारपेठेचे गाव होय. अशा जुन्या गावठाणांत लाकडी खांब-तुळयांचे, मातीत रचलेल्या जाड भिंतींचे वाडे जाऊन आरसीसी घरे उभी राहत आहेत. या बदलाची चर्चा प्रायः वारसा आणि सोय या दोनच अंगांनी होते. नव्या घराचा संरचनात्मक आराखडा शेजारच्या जुन्या घराची दखल घेतो काय, हा प्रश्न मात्र उपेक्षित राहतो.

लगतच्या दोन वाड्यांत पुष्कळदा भिंत सामाईक असते व दोन्हींकडील तुळया तिच्यावर टेकतात. एक वाडा उतरविला की त्या भिंतीचा एका बाजूचा आधार नाहीसा होतो. त्यानंतर खोदाई सुरू होते. गोदाकाठची काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून पाया मुरमापर्यंत नेणे नव्या घरापुरते योग्यच असते. परंतु जुन्या भिंतीचा पाया उथळ असल्यास त्याखालची माती खड्ड्याकडे सरकू शकते.

पायांविषयीचे भारतीय मानक १९०४ (१९८६) याबाबत स्पष्ट होते. चिकण मातीत वरच्या पायाची खालची कड आणि खालच्या पायाची वरची कड जोडणारी रेषा उभे एक, आडवे दोन यापेक्षा तीव्र उताराची नसावी. म्हणजे या कडांच्या पातळीत दीड मीटर फरक असल्यास तीन मीटर अंतर हवे. गावठाणातील अरुंद जागेत ते मिळणे दुरापास्त असते. त्यातच ऑगस्ट २०१६ व ऑगस्ट २०१९ मध्ये पुराचे पाणी सायखेड्यात शिरले होते. भिजलेल्या मातीच्या बांधकामाची ताकद घटते. अशा भिंतीलगत पूर ओसरताच केलेली खोदाई विशेष धोकादायक ठरते.

उपाय अज्ञात नाहीत. रुंद चर टाळणारे अंडर-रीम्ड पाइल, हद्दीवरील खांबाचा भार आत घेणारा स्ट्रॅप बीम, जुन्या भिंतीला तात्पुरते टेकू आणि टप्प्याटप्प्याने खोदाई हे मार्ग उपलब्ध आहेत. अडचण अशी की, खर्च बांधणाऱ्याचा आणि लाभ शेजाऱ्याचा. परिणामी हीच कामे प्रथम वगळली जातात.

वस्तुतः भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम १५ नुसार, शेजारच्या जमिनीचा वा बांधकामाचा आधार हक्क म्हणून वीस वर्षे शांतपणे व अखंड मिळाल्यास तो सुविधाधिकार ठरू शकतो. कायद्याने ओळखलेला हा आधार नकाशात हद्दीच्या रेषेपाशी संपतो, ही आजच्या पद्धतीची मूलभूत उणीव होय.

सारांश, नवे घर बांधण्यास विरोध करण्याचे कारण नाही. तथापि आराखड्यात सामाईक भिंतीचा छेद, तिच्या पायाची खोली आणि खोदाईचा क्रम दाखविल्याशिवाय तो पूर्ण मानता येणार नाही. गावठाणात सुरक्षिततेचे एकक भूखंड नसून घरांची संपूर्ण ओळ हे आहे.