अद्भुतकथेतील खलपुरुष आणि उद्धाराचा प्रश्न

अद्भुतकथेतील खलपुरुषाचा खराखुरा उद्धार संभवतो काय? ‘उद्धार’ हा शब्द उच्चारताच मराठी वाचकाला पुराणांतील पूतना वा शिशुपाल आठवतो. तेथे ईश्वराच्या हातून आलेला मृत्यू हीच मुक्ती होय. पश्चात्तापाची अट तेथे नाही. आधुनिक अद्भुतकथेला ही सोय उपलब्ध नाही. तीत पालटावे लागते ते व्यक्तीचे मन.

या दृष्टीने जे. आर. आर. टोल्कीन यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५) ही कथा विचारात घेण्याजोगी आहे. तीतील गॉलम हा मूळचा स्मीगॉल. अंगठीच्या लोभाने त्याने आपला मित्र डीगॉल याचा गळा दाबून खून केला आणि पुढे शतकानुशतके तो झिजत गेला. विश्वासघाताचा बेत ठरवून परतलेला हा गॉलम सिरिथ उंगोलच्या पायऱ्यांवर निजलेल्या फ्रोडोकडे पाहतो, तेव्हा क्षणभर त्याच्या ठायी एक थकलेला, एकाकी वृद्ध दिसू लागतो. तो फ्रोडोच्या गुडघ्याला हळूच स्पर्श करतो. इतक्यात सॅम जागा होऊन त्याला कठोर शब्दांत हटकतो, आणि तो क्षण कायमचा हरपतो. पुढे गॉलमच्याच हातून अंगठीचा नाश घडतो; पण तो हव्यासापोटी, अपघाताने. जगाचे कल्याण झाले, गॉलमचे झाले नाही. कृत्याचे फळ आणि कर्त्याचे परिवर्तन या दोन भिन्न गोष्टी होत, हे येथे स्पष्ट होते.

यावर असा आक्षेप घेता येईल की, अंगठीच्या मोहिनीने ज्याची इच्छाशक्तीच हिरावली, त्याच्या बाबतीत परिवर्तनाची भाषा व्यर्थ आहे. परंतु बिल्बो तीच अंगठी, गॅन्डाल्फच्या आग्रहाने का होईना, स्वतः सोडून देतो. मोहिनी इच्छेला वाकविते, नाहीशी करीत नाही. सारुमान तर अंगठीचा धारकही नव्हे. त्याला ऑर्थँक येथे गॅन्डाल्फ मुक्तता देऊ करतो, पुढे फ्रोडो जीवदान देतो. दोन्ही वेळा तो विन्मुख होतो. क्षमा स्वीकारणे म्हणजे ऋणी होणे, आणि तेच त्याच्या अहंकाराला असह्य वाटते. गॉलमला क्षमेची दृष्टी ऐन वेळी लाभली नाही. सारुमानला ती लाभूनही त्याने नाकारली.

याच्याशी १९८३ च्या ‘रिटर्न ऑफ द जेडाय’ या चित्रपटातील डार्थ व्हेडरची तुलना उद्बोधक ठरते. पुत्राला वाचविण्यासाठी तो सम्राटाचा नाश करतो आणि लगेच मरण पावतो. त्याचे परिवर्तन खोटे नव्हे, कारण ते स्वेच्छेचे आहे. परंतु मृत्यूने त्याची कसोटी टळते. ज्यांचा त्याने छळ केला त्यांच्यामध्ये पुन्हा राहणे, त्यांचा अविश्वास सोसणे, हे त्याच्या वाट्यास येतच नाही.

तात्पर्य, खलपुरुषाचा उद्धार अद्भुतकथेत अशक्य नाही. तो स्वेच्छेचा असावा लागतो आणि जगून सिद्ध करावा लागतो. शिवाय तो ओळखणारा कोणीतरी जागा असावा लागतो. टोल्कीन यांच्या कथेत तो सिद्धीस जात नाही. तथापि तो घडू शकला असता, ही जाणीव वाचकाला अस्वस्थ करते. त्या कथेची नैतिक गंभीरता या अस्वस्थतेतच आहे.