निर्मूलन कशाचे? सिकलसेलविषयक लेखनाची चिकित्सा

आपल्याकडे समीक्षा म्हटली की ती कवितेची, कथेची किंवा आत्मकथनाची, असा संकेत पडून गेला आहे. प्रस्थापित समीक्षेने तो पाडला आणि आपणही फारशी कुरबूर न करता तो स्वीकारला. परंतु ज्या शब्दांनी आपल्या माणसांच्या जगण्याचा निकाल लागतो ते शब्द कवितासंग्रहात क्वचितच असतात. ते तलाठ्याच्या दाखल्यात असतात, कोर्टाच्या निकालात असतात, दवाखान्याच्या केसपेपरवर आणि आरोग्यविषयक पत्रकांत असतात. हेही लेखनच आहे. त्याला लेखक आहे, वाचक आहे आणि त्यामागे एक जीवनदृष्टीही आहे. म्हणून त्याची चिकित्सा व्हायला हवी. मी ती येथे सिकलसेल या आजाराविषयीच्या लेखनापुरती करणार आहे, कारण विदर्भात शिक्षक म्हणून वावरताना हे लेखन मला टाळता आलेले नाही.

प्रथम आजार काय आहे ते पाहू, कारण बहुतेक पत्रके ते दोन ओळींत उरकतात. रक्तातल्या तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन असते. ते फुप्फुसातला प्राणवायू शरीरभर पोचवते. त्याच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले माळेतल्या मण्यांसारखी ओवलेली असतात. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले की सिकलचे हिमोग्लोबिन तयार होते. १४६ मण्यांतला एक मणी बदललेला, इतकेच. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली हा रेणूचा आजार असल्याचे दाखवले. व्हर्नन इन्ग्रॅम यांनी पुढच्या काही वर्षांत नेमका तो मणी शोधून काढला. प्राणवायू कमी पडला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून त्याच्या दोऱ्या बनतात आणि गोल, लवचिक पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठ होते. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही दहा-वीस दिवसांत फुटते, म्हणून अंगात रक्त राहत नाही, डोळे पिवळे दिसतात. वाकड्या पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात, म्हणून हाडे, छाती, पोट असह्य दुखते. प्लीहा लहानपणीच निकामी होते, म्हणून न्यूमोकोकससारख्या जंतूने मूल एकदोन दिवसांत हातचे जाते.

हा बदल आई आणि बाप दोघांकडूनही आला तर माणूस रुग्ण होतो. एकाकडूनच आला तर तो वाहक असतो, आणि वाहक सामान्यतः आयुष्यभर निरोगी राहतो, शेतात राबतो, म्हातारा होऊन मरतो. सगळी मेख या फरकात आहे आणि आपल्याकडचे सिकलसेलविषयक बोलणे नेमके येथेच घसरते.

गावात शिबिर होते. बोटातून थेंबभर रक्त घेतात, ते द्रावणात टाकतात. द्रावण गढूळ झाले की नाव कागदावर चढते. या विद्राव्यता चाचणीतून रक्तात सिकलचे हिमोग्लोबिन आहे एवढेच कळते. तो माणूस रुग्ण की वाहक हे ठरवायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी लागते, आणि तिचा अहवाल यायला दिवस जातात. दरम्यान गावात एकच शब्द फिरतो: ‘सिकल निघाला.’ पॉझिटिव्ह. चोरी निघावी तसा तो निघतो.

माझ्या वर्गात बी.ए.ला असलेल्या एका मुलीची सोयरीक याच शब्दाने मोडली. ती वाहक होती. मुलाकडच्यांनी स्वतःच्या मुलाची तपासणी केली नाही, करण्याची गरजही त्यांना वाटली नाही. ‘पोरीच्या रक्तात खोट आहे’ एवढे बोलून ते गेले. तिचे वडील कागद घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, ‘सर, आता या पोरीले कोन करन?’ मी कागद वाचला. खाली शिक्का होता, सही होती, इंग्रजीत दोन अक्षरे होती. ती मुलगी आजारी नाही, असे त्या कागदावर कोठेही लिहिलेले नव्हते. असे लिहायला किती शाई लागली असती?

वैज्ञानिक वाक्यही वाचकाच्या समाजात जाऊन अर्थ घेते. ‘दोन वाहकांच्या अपत्यांत आजाराची शक्यता २५ टक्के’ हे वाक्य पुस्तिकेत निर्दोष आहे. वस्तीत त्याचा अर्थ होतो, चारांतले एक. पहिले मूल रुग्ण निघाले म्हणजे आता पुढची तीन सुटली, असे समजून चाललेली जोडपी मी पाहिली आहेत. प्रत्येक गरोदरपणी नाणे नव्याने उडते हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. रुग्ण मूल जन्मले की जनुक दोघांचे असते, पण माहेरी पाठवली जाते ती बाई. आपल्या बौद्ध घरांतही हे होते. ते लपवण्यात अर्थ नाही.

आता वैद्यकाच्या अधिक प्रतिष्ठित लेखनाकडे वळू. भारतात या रक्तदोषाची नोंद १९५२ साली निलगिरीतल्या आदिवासींमध्ये झाली. मध्य भारतातील सिकलसेलवरचा शुक्ला आणि सोळंकी यांचा नागपूरचा लेख १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. म्हणजे दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो माणसांनी जुने नाव टाकले, त्यानंतर जेमतेम दोन वर्षांनी. पुढच्या कितीतरी शोधनिबंधांच्या तक्त्यांत मात्र ‘महार’ हा रकाना तसाच चालत राहिला. पाहणी करणाऱ्याला समूहाची नोंद घ्यावीच लागते, हे मी जाणतो. ती घेतली नसती तर तपासणी कोठे करायची हेच कळले नसते. माझा आक्षेप रकान्याला नाही. जात हे ‘कारण’ असल्यासारखी जी वाक्यरचना पुढे येते तिला आहे. ‘या जातीत हा आजार असतो’ असे लिहिले की वाचणाऱ्याच्या मनात अशुद्ध रक्ताची जुनी कल्पना विज्ञानाचे वस्त्र नेसून परत उभी राहते.

कारण वेगळेच आहे. ॲन्थनी ॲलिसन यांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवले की सिकलच्या वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळते. जेथे पिढ्यान् पिढ्या मलेरियाने मुले मारली, तेथे वाहक तगले आणि जनुक टिकले. म्हणून ते पश्चिम आफ्रिकेत आहे, ग्रीसमध्ये आहे, अरबस्तानात आहे. आपल्याकडे गोंड, माडिया, परधान, भिल्ल, पावरा यांच्यात आहे आणि विदर्भातल्या बौद्धांत आहे. विदर्भातल्या कुणबी-तेल्यांतही ते सापडते, पण त्यांना कोणी ‘सिकलवाले’ म्हणत नाही. ज्याला खोट म्हटले जाते ती आपल्या पूर्वजांच्या लेकरांना जगवणारी गोष्ट होती. हे वाक्य माझ्यापाशी जमलेल्या एकाही पत्रकात नाही.

जनुक टिकले मलेरियामुळे. पण ते एकाच घरात दोनदा भेटते ते कशामुळे? येथे बाबासाहेबांकडे जावे लागते. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या ‘कास्ट्स इन इंडिया’ या निबंधात त्यांनी जातीचे मर्म सजातीय विवाहात असल्याचे मांडले. साधे गणित करू. समजा, एका समूहात शंभरांत २० वाहक आहेत आणि लग्ने समूहातच होतात. तपासणी न करता जुळलेल्या शंभर जोडप्यांत चार ठिकाणी नवराबायको दोघेही वाहक असतील, आणि त्यांच्या चौथ्या हिश्श्याने, म्हणजे शंभर मुलांमागे एक, मूल रुग्ण जन्मेल. आता तीच माणसे ज्या समूहात शंभरांत दोनच वाहक आहेत तेथे लग्न करू लागली, तर हेच प्रमाण हजार मुलांमागे एकावर येते. एका औषधाशिवाय दहापट घट. मलेरियाने पेरले आणि जातीच्या कुंपणाने राखले, असा हा प्रकार आहे.

तरीही आंतरजातीय विवाह हे सिकलसेलवरचे औषध म्हणून खपवू नये. एक तर जोडीदार बीटा थॅलेसेमियाचा वाहक निघाला तरी मुलाला आजार होऊ शकतो, आणि थॅलेसेमियाचे वाहक अनेक समाजांत आहेत. तेव्हा तपासणी दोघांचीही हवी, जात कोणतीही असो. दुसरे असे की माणसाने माणसाशी लग्न करावे ते रक्त सुधारण्यासाठी नव्हे. तो युक्तिवाद वंशशुद्धीवाल्यांचा आहे. आणि दोन वाहकांनी ठरवलेच, तर त्यांनाही लग्नाचा हक्क आहे. गर्भारपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाची तपासणी करता येते आणि निर्णय त्या जोडप्याचा असतो. ‘लग्न करू नये’ अशी आज्ञा करणारी पत्रके हा पर्याय तळाशी बारीक अक्षरात देतात किंवा देतच नाहीत.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे त्याचे उद्दिष्ट जाहीर झाले. तपासणी व्हावी, याबद्दल वाद नाही. पण ‘निर्मूलन’ हा शब्द आपल्या वाचकाला ओळखीचा आहे. आपण तो जातीसाठी वापरतो. देवीचे निर्मूलन झाले, कारण देवीचा विषाणू माणसाबाहेरचा शत्रू होता. सिकलचे जनुक निरोगी वाहकांच्या शरीरात आहे, ते कोठून उपटणार? आजारी मुलांचे जन्म कमी करता येतील. परंतु जे जन्मले आहेत, शाळेच्या बाकावर बसले आहेत, त्यांचे काय? निर्मूलनाच्या भाषेत त्यांना जागा नाही. ते चुकून राहिलेली शिल्लक ठरतात. जातिनिर्मूलनाचे नाव न काढता सिकलसेल निर्मूलन करू पाहणे म्हणजे कुंपण तसेच ठेवून आतल्या माणसांना ‘एकमेकांपासून जपा’ असे सांगणे होय.

उपचार आहेत. १९८६ साली अमेरिकेतल्या चाचणीत लहान रुग्णांना रोज पेनिसिलीन दिल्याने न्यूमोकोकसचा गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी घटला. पेनिसिलीन, म्हणजे कोणते दुर्मिळ रसायन नव्हे. हायड्रॉक्सियुरियाने गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन वाढते. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रौढ रुग्णांचे वेदनेचे झटके त्याने जवळजवळ निम्म्यावर आले. हे औषधही येथे मिळते, डॉक्टरच्या देखरेखीखाली आणि वरचेवर रक्त तपासून ते वर्षानुवर्षे घ्यावे लागते. न्यूमोकोकसची लस, फॉलिक आम्ल, ताप आला की त्याच दिवशी दवाखाना, एवढ्यानेही आयुष्ये वाढतात. (डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत जनुकोपचारांना मान्यता मिळाली, त्यातल्या एकाची जाहीर किंमत बावीस लाख डॉलर आहे. तो विषय तूर्त बाजूला ठेवू.) मग माझ्यासमोरच्या पुस्तिकांत लग्नावर पाने आणि पेनिसिलीनवर एक ओळ, असे का? लग्नाचा उपदेश फुकट असतो. पेनिसिलीन उपकेंद्रात सतत ठेवायला कोणाला तरी जबाबदार धरावे लागते.

उपदेशाची दुसरी यादी अशी: भरपूर पाणी प्या, उन्हात जाऊ नका, थंडीत भिजू नका, श्रम टाळा. वैद्यकदृष्ट्या प्रत्येक शब्द खरा आहे, कारण शरीरातले पाणी आटले की पेशी वाकतात आणि झटका येतो. पण ज्या बाईला हे वाचून दाखवायचे ती धानाच्या रोवणीला दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून असते, किंवा मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला पहाटे जंगलात जाते. तिने श्रम टाळायचे म्हणजे चूल विझवायची. रोजगार हमीच्या कामावर सावली आणि पिण्याचे पाणी देणे कायद्याने बंधनकारक आहे; सिकलसेलच्या पुस्तिकेत त्या तरतुदीचा उल्लेख आला असता, तर उपदेशाला हक्काचे बळ आले असते. तसेच २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत सिकलसेल आहे. मात्र त्याच कायद्यातल्या नोकरीच्या चार टक्के आरक्षणात रक्ताचे आजार धरलेले नाहीत. हे आपल्या किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे?

आणि येथे बोट स्वतःकडे वळवावे लागते. जेम्स हेरिक यांनी १९१० साली शिकागोत हा आजार प्रथम नोंदवला तो ग्रेनाडाहून आलेल्या एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या रक्तात, आणि अमेरिकेने तो ‘काळ्यांचा आजार’ म्हणून दुर्लक्षिला. १९७१ पासून ब्लॅक पँथर पक्षाने स्वतःच्या मोफत दवाखान्यांत सिकलसेलची तपासणी सुरू केली. त्यांनी आरोग्य हा हक्काचा प्रश्न केला आणि १९७२ साली अमेरिकी सरकारला त्यावर कायदा करावा लागला. त्यात चुकाही झाल्या. रुग्ण आणि वाहक यांची तेथेही गल्लत झाली, काही राज्यांनी तपासणीची सक्ती केली, निरोगी वाहकांना नोकऱ्या आणि विमा नाकारला गेला, हवाई दलाच्या अकादमीचे दार त्यांना १९८१ पर्यंत बंद होते. त्याच १९७२ साली मुंबईत दलित पँथरचा जन्म झाला. नाव आले, आवेश आला, कवितेला नवी भाषा मिळाली. पण ज्यांच्यापासून नाव घेतले त्यांचा दवाखाना आपण पाहिला नाही, त्यांच्या चुकांपासूनही शिकलो नाही. नागपूरचा लेख येऊन तोवर चौदा वर्षे झाली होती.

साहित्याचे बोलायचे तर बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये बाळंतिणीची भूक आणि दगावणारी लेकरे आहेत, आणि ते पान वाचून कोणीही सुन्न होते. पण ते फलटणकडचे जग आहे. सिकलसेलचा पट्टा पूर्वेचा, आणि सातपुड्याचा. आमच्या भागातल्या लिहिणाऱ्यांनी मोर्चे लिहिले, वस्ती लिहिली. ऐन थंडीत पहाटे तीनला ‘माय, हाडं फुटतात’ म्हणून ओरडणारे आणि सकाळी दवाखान्यात ‘नाटक करतो’ म्हणून परत पाठवले जाणारे पोर मात्र मी माझ्या परिसरात जितके पाहिले तितके पानांवर पाहिले नाही. डॉक्टर त्याला विचारतात, दुखणे एक ते दहापैकी किती? पोर आईकडे पाहते. आई म्हणते, ‘लय.’ केसपेपरवर लिहिले जाते: अंगदुखी.