शाखेची भाषा : इराणी बेकरीच्या अंतर्रचनेविषयी

धोबीतलावावरील क्यानी आणि कंपनी (१९०४) येथील आरसे, संगमरवरी मेजे व वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या यांस आज ‘वारसा’ म्हणतात. मुळात ही गरजेची रचना होय. मेज एका फडक्याने पुसले जाई. आरशामुळे गल्ल्यावरील मालकास सारी खोली दिसे.

लंडनमध्ये २०१० साली निघालेल्या ‘दिशूम’ने हीच सामग्री आपल्या शाखांतून मांडली आणि प्रत्येक शाखेस एक कल्पित कथा देऊन तदनुसार सजावट केली. हे अनुकरण प्रामाणिक आहे, कारण ते कथेस कथाच म्हणते. नियमांच्या पाट्यांपाशी मात्र ते फसते. मुंबईतील पाटीवरच्या आज्ञार्थासमोर खरा श्रोता होता : केस विंचरणारा, एका चहावर तासभर बसणारा. लंडनमधील गिऱ्हाईक ती पाटी वाचून हसते. तेथे क्रियापदाचे विशेषण झाले आहे.

पुण्याच्या कयानी बेकरीपुढे (१९५५) रांग लागते ती साध्या काउंटरासाठी, हेही ध्यानी घ्यावे. मोहोळच्या एखाद्या जुन्या बेकरीने सोलापुरात शाखा काढल्यास तिने आरसे नेऊ नयेत. भट्टी दिसेल अशी खिडकी मात्र अवश्य ठेवावी. पाव केव्हा निघतो, हे गिऱ्हाइकास अजूनही पाहावयाचे असते.