वरचा एक डॉलर

'जेपर्डी!' हा अमेरिकन दूरचित्रवाणीवरचा प्रश्नमंजूषेचा खेळ मर्व्ह ग्रिफिन यांनी निर्माण केला आणि ३० मार्च १९६४ रोजी तो एनबीसीवर सुरू झाला. १९७५ च्या जानेवारीत तो बंद पडला, पुढे एकदा थोड्या काळासाठी परतला आणि १० सप्टेंबर १९८४ पासून ॲलेक्स ट्रेबेक यांच्या सूत्रसंचालनाखाली जो सुरू झाला तो आजही चालू आहे. २००४ साली त्याच्या चाहत्यांनी 'जे! आर्काइव्ह' नावाचं संकेतस्थळ उभारायला घेतलं. एका भागाला एक पान, अशी त्याची रचना. आज तिथे पाच लाखांहून अधिक प्रश्न आहेत. लोक त्याकडे प्रश्नांचा साठा म्हणून बघतात, स्पर्धेच्या तयारीसाठी वापरतात. मी मात्र ती पानं वाङ्मय वाचावं तशी वाचतो. ती तशी वाचण्याजोगी आहेत, आणि त्याचं श्रेय ज्यांनी ती रचली त्यांच्या एका निर्णयाला आहे. काय घडलं ते सगळं, घडलं त्याच क्रमानं लिहायचं आणि स्वतःचं मत घालायचं नाही, हा तो निर्णय.

आधी खेळ थोडक्यात सांगायला हवा. फलकावर ६ विषय, प्रत्येकाखाली ५ चौकोन, वरून खाली किंमत वाढत जाणारे. सूत्रसंचालक विधान वाचतो आणि स्पर्धकानं उत्तर प्रश्नाच्या रूपात द्यायचं. तिघांच्या हातात बझर. बरोबर आलं तर तेवढे डॉलर जमा, चुकलं तर तेवढेच वजा. दुसऱ्या फेरीत किमती दुप्पट. काही चौकोनांमागे 'डेली डबल' दडलेला असतो, पहिल्या फेरीत एक आणि दुसरीत दोन. तो ज्याच्या निवडीत निघेल त्यानं एकट्यानं रक्कम लावून उत्तर द्यायचं. शेवटी एकच विधान तिघांसाठी. त्याचा विषय आधी कळतो, आणि विधान दिसण्यापूर्वी जमेतले किती डॉलर पणाला लावायचे ते प्रत्येकानं लिहून द्यायचं.

आता ३० नोव्हेंबर २००४ चं पान घेऊ. सर्वांत वर तिन्ही स्पर्धकांची एकेका ओळीत ओळख आहे. केन जेनिंग्ज हा सॉल्ट लेक सिटीचा सॉफ्टवेअर अभियंता, ७४ दिवसांची कमाई २५,२०,७०० डॉलर. तोवर या खेळात इतके दिवस कुणी टिकलं नव्हतं. मुळात २००३ पर्यंत पाच विजयांनंतर विजेत्याला निवृत्तच व्हावं लागे. त्याच्यासमोर नॅन्सी झर्ग, कॅलिफोर्नियातल्या व्हेंच्युराची, घरं-जमिनींचे व्यवहार करणारी. २५ लाखांची ओळ आणि तिची साधी ओळ, दोन्हींचा टाइप सारखाच. पुढे काय होणार याची चाहूल या ओळी कुठेच देत नाहीत.

खाली निळे चौकोन. प्रत्येकात किंमत, मजकूर, आणि कोपऱ्यात एक लहानसा आकडा: हा चौकोन कितवा उघडला गेला. या आकड्यावर माझा फार जीव आहे. तो नसता तर हे पान नुसती प्रश्नपत्रिका झालं असतं. तो असल्यामुळे खेळाची चाल दिसते. कुणी एकच विषय वरून खाली उतरत गेला, कुणी मध्येच उडी मारली, कुठला विषय सगळ्यांनी शेवटपर्यंत टाळला. क्रिकेटचं स्कोअरबुक नीट भरलेलं असेल तर जाणकाराला त्यातल्या ठिपक्यांवरून षटकातला ताण कळतो, तसंच इथे आहे. चौकोनावर गेलं की खरं उत्तर उघडतं आणि ते देणाऱ्याचं नाव हिरव्यात येतं, चुकणाऱ्याचं लाल रंगात. कुणालाच आलं नाही तर तिथे 'ट्रिपल स्टंपर' असं येतं. तिघांच्या गप्प बसण्याचीही नोंद होते, हे मला विशेष वाटतं.

या पानाची दुसरी फेरी सावकाश वाचावी. तिथले दोन्ही डेली डबल जेनिंग्जच्या वाट्याला आले आणि दोन्ही चुकले. त्या पराभवाचं नाव काढलं की लोकांना शेवटचं चुकलेलं उत्तरच आठवतं, पण माझ्या मते त्याची हार या दोन लाल नावांपासून सुरू होते. एरवी तो शेवटच्या प्रश्नाला यायचा तेव्हा दुसऱ्या क्रमांकाच्या दुपटीहून पुढे असायचा, म्हणजे हरणं अशक्य व्हायचं. या दिवशी त्याच्याकडे १४,४०० होते आणि झर्गकडे १०,०००.

आणि मग शेवटची चौकट. उद्योग-व्यवसायाचा विषय होता. विधानाचा आशय असा: या कंपनीच्या ७०,००० हंगामी पांढरपेशा कर्मचाऱ्यांपैकी बहुतेक जण वर्षातले चारच महिने काम करतात. जेनिंग्जनं लिहिलं फेडएक्स. हंगाम म्हटल्यावर मन नाताळाकडे, पार्सलांच्या ढिगाऱ्याकडे गेलं तर नवल नाही. पण 'पांढरपेशा' हा शब्द पार्सलवाल्यांना बाद करतो आणि चार महिने हा आकडा जानेवारी ते एप्रिल, म्हणजे अमेरिकेतल्या प्राप्तिकराच्या दिवसांकडे बोट दाखवतो. कंपनी होती एच अँड आर ब्लॉक, लोकांची कर-विवरणपत्रं भरून देणारी. झर्गला ते आलं.

याहून सुंदर आहेत लावलेल्या रकमा. झर्गनं लावले ४,४०१. उत्तर बरोबर आल्यावर तिचे झाले १४,४०१, म्हणजे जेनिंग्जच्या उभ्या रकमेपेक्षा बरोबर एक डॉलर जास्त. जेनिंग्जनं लावले ५,६०१. त्याचं उत्तर बरोबर असतं तर त्याचे झाले असते २०,००१, म्हणजे झर्गनं सगळं लावून दुप्पट केलं असतं तरी तिच्याहून एक डॉलर जास्त. एकमेकांचा आकडा न बघता दोघांनी हिशेब केला आणि दोघांचाही हिशेब अचूक होता. तो चुकला म्हणून ८,७९९ वर आला. ७४ दिवसांची मालिका जिथे संपली तिथे पान एवढंच करतं की तीन नावांसमोर तीन उत्तरं, तीन पणाच्या रकमा आणि तीन बेरजा ठेवतं. 'धक्कादायक' असा एक शब्द टाकायचा मोह कुणाला झाला असेल तर त्यानं तो आवरला आहे. त्या संयमामुळेच वाचणाऱ्याला ते दोन डॉलर स्वतः शोधून काढता येतात.

पानाच्या तळाशी आणखी एक आकडा असतो, कोरियट स्कोअर. १९९६ साली या खेळात दोनदा जिंकलेल्या कार्ल कोरियटचं नाव त्याला मिळालं आहे. पणाला लावलेल्या रकमा बाजूला काढायच्या. डेली डबल बरोबर आला तर त्या चौकोनाची मूळ किंमतच धरायची, चुकला तर काही वजा करायचं नाही, शेवटचा प्रश्न मोजायचाच नाही. उरतं ते माहिती आणि बझर यांचं बळ. घरी बसून खेळणारे प्रेक्षक स्वतःचा हिशेब याच मापानं ठेवतात. अंतिम बेरीज आणि कोरियट शेजारी ठेवले की कोण ज्ञानावर जिंकला आणि कोण धाडसावर, हे दोन आकड्यांत कळतं.

त्या एका डॉलरचं महत्त्व एकदा लक्षात आलं की १६ मार्च २००७ चं पान फार वेगळं लागतं. स्कॉट वायसकडे १३,४०० होते आणि उरलेल्या दोघांकडे ८,०००-८,०००. त्या दोघांनी सगळं लावलं तर १६,००० होणार. वायसनं लावले २,६००, म्हणजे त्याचेही नेमके १६,०००. तिघांची उत्तरं बरोबर आली आणि तिघेही विजेते ठरले. या खेळात असं पूर्वी कधी घडलं नव्हतं. २,६०१ लावले असते तर तो एकटा जिंकला असता. वायस संगणकशास्त्र शिकवणारा प्राध्यापक होता, त्याला बेरीज येत नव्हती असं नाही. त्यानं तो एक डॉलर जाणूनबुजून ठेवला नाही. इतर शेकडो पानांवर जो डॉलर सवयीनं लावलेला दिसतो तो इथे नाही, आणि त्याच्या नसण्याला अर्थ आहे. हा अर्थ एकट्या पानातून निघत नाही. शेकडो पानं सारख्याच शिस्तीनं लिहिलेली असतील तरच असा अपवाद उठून दिसतो.

ही शिस्त वाटते तितकी सोपी नाही. भाग बघायचा, थांबवायचा, विधान जसंच्या तसं उतरवायचं, क्रम लिहायचा, कुणी बझर दाबला, काय बोललं, किती वेळा चुकलं ते लिहायचं. अवतरणचिन्हंसुद्धा गाळता येत नाहीत. विषयाच्या नावात काही अक्षरं अवतरणचिन्हांत असली तर ती अक्षरं उत्तरात यायलाच हवीत असा या खेळाचा संकेत आहे. चिन्ह गळलं की विषयच बदलला. परीक्षकांनी नंतर निकाल फिरवला तर कुठल्या प्रश्नाच्या आधी गुण बदलले तेही नोंदवायचं. हे काम चाहते पदरमोड करून, हौसेनं करतात. संग्रहाच्या तळाशी ते दोन गोष्टी स्पष्ट सांगतात: खेळ निर्मात्यांच्या मालकीचा आहे, आणि हा संग्रह चाहत्यांनी चाहत्यांसाठी केलेला आहे.

एवढी मेहनत कशासाठी, याचं उत्तर खेळाच्या इतिहासातच आहे. १९६४ ते १९७५ या काळात आर्ट फ्लेमिंग यांच्या सूत्रसंचालनाखाली अडीच हजारांहून अधिक भाग झाले. त्यांतले अगदी मोजकेच आज शिल्लक आहेत. टेप महाग होती, तीच पुसून तिच्यावर दुसरं चित्रित करायची त्या काळी रीत होती. अकरा वर्षांत किती शिक्षक, गृहिणी, वकील त्या मंचावर उभे राहिले आणि काय काय बोलले, ते सगळं गेलं. संग्रहातही १९८० च्या दशकातले हंगाम अपुरे आहेत. कुणीतरी घरी चित्रित करून ठेवलेला भाग हाती आला तरच पान तयार होतं.

बोललेलं टिपण्याचं मोल १४ फेब्रुवारी २०११ च्या पानावर दिसतं. आयबीएमचा वॉटसन हा संगणक त्या दिवशी जेनिंग्ज आणि ब्रॅड रटर यांच्याविरुद्ध उतरला होता. पहिलं आधुनिक शब्दकोडं छापून आलं आणि ओरिओ बिस्किटं बाजारात आली ते दशक कोणतं, असा एक प्रश्न होता. जेनिंग्जनं विसाचं दशक सांगितलं आणि ते चुकलं. लगेच वॉटसननं तेच उत्तर दिलं. केननं हे आत्ताच सांगितलं, असं ट्रेबेक त्याला म्हणाले. वॉटसनला प्रश्न मजकुराच्या रूपात पोचत होते, शेजारच्याचं बोलणं त्याला ऐकू येत नव्हतं. त्या यंत्राबद्दल तेव्हा पुष्कळ लिहिलं गेलं, पण त्याचा बहिरेपणा इतक्या थेट दाखवणारं मला दुसरं काही आढळलेलं नाही: एका चौकोनात एकाखाली एक दोन सारखीच चुकीची उत्तरं आणि कंसात सूत्रसंचालकाचं एक वाक्य. खरं उत्तर होतं १९१० चं दशक.

पुढे संग्रह खेळातच शिरला. रॉजर क्रेगनं या प्रश्नांवर संगणकानं काम करून कुठले विषय वारंवार येतात ते काढलं, त्याप्रमाणे अभ्यास केला आणि १४ सप्टेंबर २०१० च्या भागात एका दिवसात ७७,००० डॉलर जिंकून तेव्हाचा विक्रम केला. ३ जून २०१९ ला जेम्स हॉल्ट्सहाउअरची ३२ विजयांची मालिका मोडणारी एमा बेचर ग्रंथपाल होती आणि या खेळातल्या प्रश्नांची काठिण्यपातळी मजकुरावरून ओळखता येते का, यावर तिनं पदव्युत्तर प्रबंध लिहिला होता. त्या दिवशीच्या शेवटच्या चौकटीत हॉल्ट्सहाउअरचे २३,४०० होते, तिचे २६,६००. तिनं २०,२०१ लावले आणि ४६,८०१ वर थांबली, म्हणजे त्याच्या दुपटीवर पुन्हा एक डॉलर.

याची एक किंमत मोजावी लागली असं मला वाटतं आणि ते सांगायला हवं. डेली डबल खालच्या ओळींत जास्त सापडतात हे मोजदाद करून कळल्यावर बरेच स्पर्धक तिथेच शिकार करू लागले. चक फॉरेस्टनं १९८५ मध्ये विषयांवरून उड्या मारायला सुरुवात केली तेव्हा तो अपवाद होता. जुन्या पानांवर कोपऱ्यातले आकडे बहुधा रकान्यातून ओळीनं खाली उतरतात. हॉल्ट्सहाउअरच्या पानांवर ते तळाच्या ओळीतून आडवे धावतात. प्रश्न लिहिणारे विषय सोप्याकडून कठीणाकडे रचत नेतात, पहिल्या विधानात खेळाची गंमत समजावतात. ती चढण आता पुष्कळदा उलटी चढली जाते. जिंकण्याच्या दृष्टीनं ते योग्यच आहे, पण वाचक म्हणून मला जुनी पानं अधिक आवडतात.

ट्रेबेक ८ नोव्हेंबर २०२० ला गेले. त्यांचे शेवटचे भाग ८ जानेवारी २०२१ पर्यंत दाखवले गेले, आणि तोवर पानांवरच्या कंसांत 'ॲलेक्स' हे नाव येत राहिलं. आज त्या जागी 'केन' असतं, कारण सूत्रसंचालक आता जेनिंग्जच आहे. नव्यानं वाचणाऱ्याचा इथे थोडा गोंधळ होतो, म्हणून आधी वरची तारीख बघावी. आणि सुरुवात विक्रमांच्या पानांपासून करू नये. एखादा साधा, कुणाच्याही लक्षात नसलेला मंगळवार निवडावा, उत्तरं झाकलेलीच ठेवावीत, कोपऱ्यातल्या आकड्यांच्या क्रमानं चौकोन वाचत जावं आणि शेवटच्या चौकटीपाशी आल्यावर खाली न बघता आपण तिसऱ्या क्रमांकावर असतो तर किती लावले असते, ते कागदावर लिहावं.