ओळख कुणाची, ज्ञान कुणाचे?

अकोटच्या आठवडी बाजारात फडक्यावर सफेद मुसळी मांडून बसलेला मेळघाटातला कोरकू माणूस पाहिला की मला चरकसंहितेचे सूत्रस्थान आठवते. गुराखी, मेंढपाळ, रानात राहणारे वनस्पतींना नावारूपाने ओळखतात, अशी कबुली तिथे आहे. पण लगेच पुढे, उपयोग जाणणारा वैद्यच खरा जाणता! श्रमणाऱ्याकडे ओळख आणि ग्रंथवाल्याकडे ज्ञान, ही वाटणी एवढी जुनी आहे. २०२३ च्या जैवविविधता दुरुस्ती कायद्याने ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना लाभवाटणीतून सूट दिली. म्हणजे पोथीत शिरलेल्या मुळीवर खोदणाऱ्याचा वाटा संपला. कोरकूंचा भुमकाही रोग पाहून मुळी देतो. मग तो जाणता का नाही? आपल्या समीक्षेने हे पोथीलाच विचारले पाहिजे.