रकाना आणि विभक्ती : सातबाऱ्याच्या नमुन्याचे परीक्षण

सातबारा उताऱ्याकडे आपण महसुलाच्या वा कायद्याच्या दृष्टीने पाहतो. परंतु तो एक भाषिक लेखही आहे. शिंदखेडा तालुक्यातील नरडाण्याच्या एखाद्या शेताचा उतारा घेतला, तरी त्यात पूर्ण वाक्य क्वचितच आढळेल. गाव नमुना सातमध्ये भोगवटादार, क्षेत्र, आकारणी, कूळ व इतर अधिकार यांच्या जागा ठरलेल्या. गाव नमुना बारामध्ये हंगाम, पीक व जलसिंचन यांच्या.

मराठीत ‘सखूची जमीन’ आणि ‘सखूला वाट’ यांतील भेद प्रत्यय दाखवितो. उताऱ्यात प्रत्यय गळतो आणि त्याचे कार्य रकाना करतो. ‘सखू’ हे नाव भोगवटादाराच्या रकान्यात असेल, तर ती जमिनीची धारक. तेच ‘इतर अधिकार’ या रकान्यात असेल, तर ती केवळ काही हक्क असलेली. वारस बहिणींची नावे अनेकदा या दुसऱ्या रकान्यात पडत आली. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेनंतर, 1992 च्या शासकीय परिपत्रकाने पतीच्या संमतीने पत्नीचे नाव सहधारक म्हणून लावण्याची वाट मोकळी केली. येथे महत्त्व नावाला नव्हे, त्याच्या स्थानाला आले.

स्थाननियत रचनेचा गुण उघड आहे : वाचणाऱ्यास हवी ती बाब तत्काळ सापडते. दोष ‘इतर अधिकार’ या शेषकोटीत आहे. पतसंस्थेचा बोजा, विहिरीतील हिस्सा आणि बहिणीचा वारसा हे भिन्न संबंध तेथे शेजारी बसतात. नोंदीचे कारण मात्र नमुना सहामधील फेरफारात राहते, सातवर त्याचा केवळ क्रमांक येतो. 2020 च्या सुधारणेने पूर्वी याच रकान्यात असलेला खाते क्रमांक खातेदाराच्या नावाशेजारी नेला, हे योग्यच झाले. परंतु प्रलंबित फेरफाराची नोंद त्याच रकान्यात आणली. आकड्याला स्वतंत्र जागा लाभली, नात्याला लाभली नाही.

धुळ्यात 1926 साली दिवंगत झालेल्या इतिहासाचार्य राजवाड्यांनी जी जुनी पत्रे जमविली, त्या परंपरेतील राजपत्रांतही शिक्का शिरोभागी व मोर्तब शेवटी असे स्थाननियम होते. हक्काचा संबंध मात्र सलग वाक्यात, प्रत्ययासह सांगितला जाई. तो गद्याचा विस्तार आज परवडणारा नाही. तथापि ‘इतर अधिकार’ या रकान्याचे बोजा, वहिवाट व वारसा असे पोटभाग पाडणे अशक्य नाही. जेथे रकाना हीच विभक्ती, तेथे अनेक विभक्तींना एकच रूप देणे म्हणजे संदिग्धतेला आमंत्रण होय. आणि त्या संदिग्धतेचे मूल्य बहुधा दुर्बळ वारसालाच द्यावे लागते.